पोस्टरवरची मर्ल

रिमू क्रीकच्या सभागृहात त्या शनिवारी सकाळी दोन पोस्टरं शेजारी शेजारी लावली होती, आणि अख्खं गाव पोस्टरांकडे पाठ करून चहाच्या टेबलाभोवती उभं होतं. बघितलं तर मत द्यावं लागणार आणि मत दिलं तर दोघींपैकी एकीशी वाकडं येणार, हे ज्याला त्याला कळत होतं. त्यातली एक मर्ल. गावातलं एकुलतं एक मासे-चिप्सचं दुकान तिचं. दुसरी तिची नणंद नोलीन. गावातल्या सगळ्या पाट्या, होड्यांवरची नावं आणि थडग्यांवरची अक्षरं चाळीस वर्षं नोलीनच रंगवत आली होती. म्हणजे एकीशी बिनसलं तर शुक्रवारचं जेवण गेलं, आणि दुसरीशी बिनसलं तर मेल्यावर नावात चूक व्हायची भीती.

सिनेमा केला होता हेमीने. हेमी शाळेत खेळ शिकवायचा. सलग तीन उन्हाळे गावाला राबवून त्याने 'काळ्या तळ्याची राणी' पुरा केला. राज्यातून हाकललेली म्हातारी राणी परत येते आणि तळ्यातल्या तीस फुटी वामेशी, म्हणजे सापासारख्या लांब माशाशी, झुंजते, अशी गोष्ट. वाम केली होती शेताला पाणी द्यायच्या रबरी पाइपांची आणि ताडपत्रीची, आणि तिच्या पोटात चार माणसं वाकून चालायची. राणीसाठी क्राइस्टचर्चहून एक नटी आणली होती. तिसऱ्या दिवशी चावऱ्या माश्यांना कंटाळून ती निघून गेली. त्याच दुपारी मर्ल जेवणाचे डबे घेऊन तळ्यावर आली आणि वामेच्या पोटातल्या चौघांवर कडाडली, "बाहेर या रे मेल्यांनो, मासे गार होतायत." हेमीने तो आवाज ऐकला आणि डबा हातात तसाच धरून म्हणाला, "आंटी, उद्यापासून तुम्हीच राणी."

सिनेमा झाला झकास. ऑकलंडहून फिलिपा नावाची बाई आली, बघून खूश झाली, आणि तीस थिएटरांत लावायचं कबूल करून गेली. तिने आधी एक गोष्ट मागितली. पोस्टर. ते तिने तिकडच्या एका कारागिराकडून करूनही घेतलं. इकडे नोलीनने कुणी सांगितलेलं नसताना सहा आठवडे गॅरेजात बसून प्लायवूडच्या फळीवर दुसरं रंगवलं.

ऑकलंडच्या पोस्टरवर पंचविशीची एक पोरगी होती. केस वाऱ्यावर, अंगात चिलखत, पण लोखंड फारच काटकसरीने वापरलेलं. हातातल्या तलवारीतून निळी वीज निघत होती आणि मागे पंख पसरलेला ड्रॅगन होता. सिनेमात पंख कुणालाच नव्हते. नोलीनच्या फळीवर मर्ल होती. पायात गमबूट, अंगात मेणकापडी कोट, हातात मासे मारायचा भाला, आणि चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती जागच्या जागी.

मर्ल आली ती सरळ फळीसमोर जाऊन उभी राहिली. लोकांनी चहा ढवळायचं थांबवलं.

"नोलीन, ही कोण गं?"

"तू."

"जिवंत आहे का मेलेली?"

"वामेशी लढतेयस, म्हणजे जिवंतच असशील."

"माझ्या मानेला असं लोंबतं?"

"लोंबतं," नोलीन म्हणाली. आयुष्यभर तिने अक्षरं जशी असतील तशीच काढली होती. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती.

मर्लने दुसऱ्या पोस्टरकडे बोट केलं. "आणि ही?"

पोस्टर घेऊन आलेली फिलिपा जरा चाचरली. "त्यासुद्धा तुम्हीच. म्हणजे, थोड्या कल्पनेतल्या."

"बघ," मर्ल नोलीनला म्हणाली. "परक्या माणसांना मी अशी दिसते. आणि घरची माणसं बघ."

हेमीने शाळेत गणितात नापास झालेल्या मुलासारखं तोंड केलं आणि म्हणाला, "आंटी, चेहरा तुमचा. तुम्हीच ठरवा." आंटीने पोरगी ठरवली. नोलीन फळी उचलायला गेली, पण फळी सहा फुटी, एकटीला पेलेना. शेवटी खाटीक आणि पोस्टमास्तर दोन टोकांना लागले आणि मागून नोलीन, अशी ती वरात घरापर्यंत गेली.  वाटेत हवापाणी हा विषयसुद्धा निघाला नाही.

पुढचे तीन आठवडे नोलीन शुक्रवारी दुकानात जायची, बोटाने एक दाखवायची, मर्ल एक पुडकं द्यायची, आणि व्यवहार संपायचा.

पहिला खेळ ग्रेमथला रविवारी दुपारी होता. गावाने बस केली. मर्लने केस सेट करून घेतले होते, जांभळा सूट घातला होता, आणि लोकांचं स्वागत करायला ती थिएटरच्या दारात पोस्टरला खेटून उभी राहिली. नोलीन रस्त्यापलीकडे आइस्क्रीम खात उभी होती. तिथून तिला सगळं दिसत होतं.

लोक येत होते, पोस्टरकडे बघत होते आणि आत जात होते. एका बाईने मर्लच्या हातात रिकामा कप दिला आणि बाथरूम कुठेय विचारलं. मर्लने दाखवलं. मग एक तरुण जोडपं आलं. मुलगा म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? पोस्टरसोबत फोटो काढायचाय." मर्ल बाजूला झाली. मग त्याने फोन तिच्याच हातात दिला, आणि तिने दोघांचा आणि त्या पोरीचा फोटो काढून दिला. एकदा काढला तो हलला, म्हणून परत काढून दिला.

असं काहीतरी व्हावं म्हणून नोलीन तीन आठवडे देव पाण्यात घालून बसली होती. आता झालं, तर तिने उरलेलं आइस्क्रीम कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

खेळ रंगला. मर्ल वामेवर ओरडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण सुटल्यावर तिकिटाच्या खिडकीपाशी दोघेजण विचारत होते, ती तलवारवाली कधी आली, आम्हाला डुलकी लागली होती का? एक लहान मुलगी पंखवाला दिसला नाही म्हणून भोकाड पसरून रडत होती आणि तिची आई हेमीकडे असं बघत होती, की जणू पंख त्यानेच खिशात लपवलेत.

परतीच्या बसमध्ये मर्ल आली आणि नोलीनशेजारी बसली. पाच-सहा मैल गेल्यावर म्हणाली, "ती फळी आहे का अजून?"

"कोंबड्यांच्या खुराड्याला लावलीय. एक भिंत पडली होती."

"चेहरा आत का बाहेर?"

"आत."

"म्हणजे कोंबड्या बघतात मला."

"अंडी वाढलीत."

मर्लने खिडकीबाहेर पाहिलं. तिचे खांदे हलत होते. हसतेय का रडतेय ते नोलीनला कळेना. थोड्या वेळाने मर्ल म्हणाली, "खरंच मी तशी दिसते?"

नोलीनने विचार केला. फळी रंगवताना मर्ल समोर नव्हतीच. सगळं आठवणीतून काढलं होतं. कुठल्या आठवणीतून, ते तिला आत्ता, बसमध्ये, उमगलं.

"कॉलिन हॉस्पिटलात होता ना, ते दोन महिने," ती म्हणाली. कॉलिन म्हणजे मर्लचा नवरा, नोलीनचा थोरला भाऊ. जाऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. "तू खुर्चीत बसून असायचीस. मी रोज तुझ्याकडेच बघायचे. त्याच्याकडे बघवायचं नाही. तोच चेहरा हातात बसलाय माझ्या."

मर्लने सेट केलेल्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "दोन महिने केसांना फणी लावली नव्हती मी."

"मीसुद्धा."

"नव्याने काढ. मी समोर बसते."

मंगळवारी दुकान बंद ठेवून मर्ल गॅरेजात आली. भाला घेऊन उभी राहिली, आणि लगेच सौदा सुरू झाला. कपाळावरच्या आडव्या तीन सुरकुत्या राहू देत, त्या दुकानाच्या आहेत. डोळ्यांजवळच्या हसून पडल्यात, त्या चालतील. ओठावरच्या मात्र काढून टाक, त्या तुझ्या भावाच्या घोरण्याच्या आहेत. मान नोलीनने निम्म्यावर आणली. त्याच्या पुढे ती हटेना.

पण मर्ल गप्प म्हणून उभी राहत नव्हती. नोलीनने ब्रश नीट धुतला नाही, गॅरेज आवरलेलं नाही, दारातल्या मांजराला कुणी खायला घातलंय की नाही, असं तोंड चालूच. तिसऱ्या दिवशी तिने फळीकडे डोकावून पाहिलं.

"तोंड उघडं का काढलंस?"

"मिटलेलं मी कधी पाहिलेलंच नाही."

त्या चित्रात मर्ल भाला रोखून वामेवर ओरडत होती, आणि वाम जरा बिचकून मागे सरली होती. वामेचा तो चेहरा कसा जमला ते नोलीनला स्वतःलाही सांगता आलं नसतं. हेमीने फोटो काढून फिलिपाला पाठवला. दोन दिवस काही कळलं नाही. मर्ल म्हणत होती, की ऑकलंडची माणसं 'नाही' म्हणायला सभ्य शब्द शोधतायत. मग फिलिपाचा फोन आला. नावाची अक्षरं मोठी करा, बाकी कशाला हात लावू नका. आठ थिएटरांत जुनं पोस्टर लागून गेलं होतं, ते तसंच राहिलं. उरलेल्या बावीस ठिकाणी मर्ल लागली.

महिन्याभराने डुनेडिनच्या थिएटरने हेमीला कळवलं, की त्यांच्या दारातलं पोस्टर चोरीला गेलं, दुसरं पाठवा. मर्लने हेमीकडून नंबर घेऊन स्वतः फोन लावला. गेलं ते कुठलं, पोरीचं का म्हातारीचं, एवढंच तिला विचारायचं होतं. म्हातारीचं, असं मॅनेजर म्हणाला. नेताना तिकीटवाल्या मुलीने पाहिलं होतं. नेणारा साठीचा असेल, लोकरीची टोपी घातलेला, सभ्य दिसत होता. जाताना तिला गुड आफ्टरनूनसुद्धा म्हणाला.

त्या आठवड्यात प्रत्येक पुडक्याबरोबर मर्लने ही हकिगत लोकांना दिली. नोलीनला ती चारदा मिळाली. पुढच्या शुक्रवारी नोलीन दुकानात गेली तेव्हा तळणीच्या वाफेत मर्ल नेहमीसारखीच उभी होती, एप्रनवर पिठाचे डाग, आणि ओठांना लिपस्टिक. घंटी वाजून दार उघडलं की ती आधी येणाऱ्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी आहे का ते बघत होती. नोलीनच्या ते लक्षात आलं. तिने फक्त व्हिनेगर जास्त घालायला सांगितलं.