एकसष्ट सरकारी नवरे

चांदूर बाजारात दुर्गाबाईंचं वधू-वर मंडळ होतं. पेटीतल्या अर्जांना वाळवी लागली, तेव्हा शेजारी कम्प्युटर क्लास चालवणाऱ्या निखतनं सगळी मुलं क्लाउडवर चढवली. नाव, वय, उंची, शिक्षण असा प्रत्येकाचा एकच साचा.

"नोकरीचा रकाना काहून नाही?" दुर्गाबाई म्हणाल्या. "पोरीवाले पयले तेच विचारतात."

निखतनं रकाना वाढवला. रिकामा सोडला तर प्रोग्राम अडत होता, म्हणून चाचणीपुरतं 'सरकारी नोकरी' घातलं आणि काढायचं विसरली. जुन्या नोंदींत हा रकाना नव्हताच. त्या उघडल्या की प्रोग्राम तेच शब्द भरू लागला. सलग दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलेली शेतकऱ्यांची एकसष्ट पोरं सरकारी नोकर झाली.

दुपारपर्यंत एकोणीस फोन आले.

"तुह्या ढगात बरकत आहे पोरी," दुर्गाबाई खूश होत्या.

निखतनं यादी उघडली, तर सगळ्यांपुढे 'सरकारी नोकरी'. तिनं चूक दुरुस्त केली, पण फोन करणाऱ्यांपैकी अकोल्याचे उत्तमराव मुलीला, जयवंताला, घेऊन यादीतल्या चंद्रभानच्या शेतावर निघालेसुद्धा होते. निखतनं दुर्गाबाईंना स्कूटीवर बसवलं आणि गाडी तिकडे दामटली.

त्या पोचल्या तेव्हा उत्तमराव बाजेवर बसून चौकशी करत होते.

"ड्युटी किती वाजता असते?"

"लाइन आली का," चंद्रभान म्हणाला. "कधी दुपारी, कधी पहाटे."

"अन् सुट्टी?"

"लोडशेडिंग असलं का सुट्टीच."

"वर साहेब कोन?"

चंद्रभाननं विचार केला. "आमचा साहेब म्हंजे वायरमन. त्याच्या मनात असलं तं काम."

उत्तमरावांचा चेहरा फुलला. "म्हंजे विजेच्या खात्यात!"

"काका, ते शेतीच करतात," निखत धापा टाकत म्हणाली. "चूक माही आहे. नोकरी मी भरली."

उत्तमराव तडक उठले. जयवंता मात्र हलली नाही.

"बाबा, तुमी जे विचारलं ते त्यानं खरंच सांगतलं," ती म्हणाली. "आतापावतर पायलेल्या चौघांत असा एक तरी होता का?"

उत्तमराव पुन्हा बाजेवर बसले. पंधरा दिवसांनी त्यांचा होकार आला.

उरलेल्या अठरा जणांना निखतनं स्वतः फोन केले. पंधरा जणांनी ऐकून न घेता फोन ठेवून दिला, दोघांनी तिची अक्कल काढली. शेवटच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोराच्या विहिरीले पानी असंन तं पत्ता सांगा," ते म्हणाले.

निखतनं विहिरीचा रकाना केलाच नव्हता. तिनं त्यांना थांबायला सांगितलं आणि दुर्गाबाईंना हाक मारली.