सरकलं का ग पुढे?

विजय नगरच्या ऑफिसात अनुश्रीचं काम एकच. कॉम्प्युटरवर उमेदवारांची कार्डं सरकवायची. अर्ज, फोन, मुलाखत, ऑफर, असे चार रकाने. सांगलीहून या हिंदी मुलखात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. शेकडो लोकांना तिनं पुढे ढकललं, स्वतः मात्र होती तिथेच.

एकदा नीरज नावाच्या कार्डावरचा नंबर लावला, तर बाईंचा आवाज आला.

"मी सुमेधा, नीरजची आई. फॉर्म मीच भरला बेटा. तो टोरांटोत आहे, त्याला तर मालूमच नाही. नोकरी पक्की झाली की सांगेन ना! आमच्या घरून तुमचं ऑफिस पैदल दहा मिनिटं आहे."

अनुश्रीनं कपाळावर हात मारला. पण मनातून तिला त्या नीरजचा हेवा वाटला.

असा अर्ज सरळ बाद करायचा. मात्र बाद केला की नकाराची मेल आपोआप जाते, आणि ती जाणार काकूंनाच. कार्ड पंधरा दिवस हललं नाही, तरी तेच. म्हणून ही शहाणी दर चौदाव्या दिवशी नीरजला मुलाखतीच्या रकान्यात नेई आणि परत फोनच्या रकान्यात आणून ठेवी.

काकूंचा फोन ठरलेला. "सरकलं का ग पुढे?"

"सरकलं, काकू."

आशा सुटेना नि देव भेटेना, दुसरं काय!

तिसऱ्या महिन्यात सुशांतसर म्हणाले, "ती पोस्ट भरली. आज बंद करून टाका."

मेल जाण्याआधी आपणच सांगावं म्हणून अनुश्रीनं काकूंना फोन केला. सांगता सांगता तिलाच रडू आलं.

काकू म्हणाल्या, "रहने दे बेटा, रडू नको. तुझी आई कुठे असते?"

"सांगलीत."

"मग विचार तिला एकदा. तिनं पण तुझा फॉर्म भरून ठेवला असेल कुठे."

अनुश्रीला हसू आलं. संध्याकाळी आईला फोन लावला तेव्हाही तिनं हसतच विचारलं, "आई, तिकडे माझ्या नावानं नोकरीचा अर्ज केलायस का ग?"

आईनं आधी टीव्हीचा आवाज कमी केला.

"दोन ठिकाणी केलाय," मग ती हळूच म्हणाली. "नंबर माझाच दिलाय. पण कुणाचा फोनच येत नाही ग."