पत्र्याची पट्टी

उस्ताद निवृत्त झाले त्याला एक्केचाळीस दिवस झाले होते आणि कारखान्यातून एकही फोन आला नव्हता. पहिले आठ दिवस त्यांनी समजून घेतलं. कालच निरोप दिलेल्या माणसाला आज परत कोणत्या तोंडाने बोलवायचं, असा लोकांना संकोच होत असेल. पुढे मात्र ते फोन आंघोळीलाही बरोबर न्यायला लागले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

“बाबा, एवढा कोणाचा फोन यायचाय?” सुनेने विचारलं.

“कारखान्याचा. लेबलचं मशीन बंद पडलं असणार.”

“पडलं असतं तर आला असता ना फोन.”

सून हुशार होती. उस्तादांना तिचा हाच गुण सहन होत नसे.

रिकामे हात खाजवतात म्हणून त्यांनी घरातला मिक्सर उघडला. तो चांगला चालत होता. आता चालत नव्हता. पंख्याचा आवाज घालवायला गेले तर वाराच गेला. शेवटी बायकोने हात जोडले. “अहो, बंद पडलेलं तुम्हाला मी दाखवतच नाही. निदान चालणारं तरी राहू द्या!”

ज्या माणसाच्या नुसत्या बोट लावण्याने मशीन सुरू व्हायचं, त्याची घरात ही किंमत. वीस वर्षं औषधाच्या बाटल्यांवर लेबल चिकटवणारं ते मशीन दिवसातून दोनदा बिघडायचं. लेबलं तिरकी बसायची, बाटल्या अडकायच्या आणि सगळीकडे एकच हाक उठायची, “उस्तादांना बोलवा!” मग उस्ताद सावकाश यायचे, मशीनखाली शिरायचे, आणि वीस मिनिटांनी लेबलं सरळ. इंजिनियर लोकही तोंडात बोटं घालायचे.

खरी गोष्ट उस्तादांनी बायकोलाही सांगितली नव्हती. वीस वर्षांपूर्वी मशीनचं एक बेअरिंग झिजलं होतं. नवीन येईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून त्यांनी रोलरखाली पत्र्याची पट्टी सरकवली. तीन महिन्यांनी बेअरिंग आलं, ते त्यांनी नीट बसवलंही. पट्टी मात्र काढली नाही. त्या तीन महिन्यांत लोक त्यांना उस्ताद म्हणायला लागले होते, आणि त्याआधी त्यांना कोणी काहीच म्हणत नव्हतं. पट्टी हळूहळू सरकायची, मशीन बिघडायचं, उस्ताद ती पुन्हा जागेवर सरकवायचे. निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी ती तशीच ठेवली. आपल्यामागे दोन दिवसही निभणार नाही, याची त्यांना खात्री होती.

बेचाळिसाव्या दिवशी लॉकरची किल्ली परत करायचं निमित्त काढून ते स्वतःच कारखान्यात गेले.

आत शिरले आणि दारातच थबकले. मशीन चालू होतं. इतकं गप चाललेलं मशीन त्यांनी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. समोर पंचविशीची एक मुलगी उभी होती आणि बाटल्या शहाण्यासारख्या एकामागून एक पुढे जात होत्या.

पॅकिंगमधल्या जाड्याने त्यांना पाहिलं आणि दंडाला धरून खोक्यांच्या मागे ओढलं.

“उस्ताद, वाट लागली रे! त्या पोरीने पहिल्याच दिवशी पट्टी काढली. तेव्हापासून मशीन थांबतच नाही. बूड टेकायला मिळत नाही बघ.”

उस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं. “तुला... पट्टीचं माहीत होतं?”

“वीस वर्षं तू पाय बाहेर काढून मशीनखाली लोळायचास, आम्ही काय आंधळे? झाडूवालीलासुद्धा माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कशाला बोलायचं? तुला मान मिळायचा, आम्हाला दोन वेळा आरामात चहा मिळायचा. कोणाचं काय बिघडलं?”

“आणि निरोपाच्या दिवशी रडत रडत म्हणालास, उस्तादांचा हात सोन्याचा...”

“ते अगदी मनापासून होतं! आता बसायला कधी मिळणार, म्हणून रडू आलं.” जाड्याने खिशातून पत्र्याचा नवाकोरा तुकडा काढला. “ही घे, तशीच दुसरी कापलीय. आम्ही घालून बघितली, पण एकदा मशीन सुरूच होईना, एकदा बाटल्या फुटल्या. ते तुझं तुलाच जमतं रे. जेवणाची सुट्टी झाली की घालून टाक.”

एक्केचाळीस दिवस ज्या हाकेची वाट पाहिली, ती ही. उस्तादांना संताप आला, शरम वाटली, आणि त्याखाली, हे सांगायलाही लाज वाटते, थोडा आनंदही झाला. कोणालाच न जमणारं काहीतरी अजून आपल्याला जमत होतं. त्यांनी पट्टी घेतली.

सुट्टीत सगळे पांगले. उस्ताद मशीनपाशी आले आणि गुडघ्यांना शिव्या देत एका गुडघ्यावर कसेबसे बसले. दुसरा गुडघा टेकायला तयार होईना. तेवढ्यात मागून आवाज आला.

“काका, काही पडलं का?”

तीच मुलगी. तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं, स्टूल दिलं. जुने कामगार आहेत कळल्यावर तिचा चेहरा खुलला. डिंकाच्या डब्यावरून तिने एक वाकडी, काळी पट्टी उचलली.

“ही बघा, रोलरखाली मिळाली. आता झाकण उघडायला वापरते. तुम्ही तर इथेच होतात, कोणी घातली असेल हो?”

ती चिडवत नव्हती, खरंच विचारत होती. नवीन पत्र्याची धार उस्तादांच्या मुठीत रुतत होती.

“असेल कोणीतरी,” ते म्हणाले. “माझ्या आधीचा.”

“कमाल आहे! आणि तुम्हाला कधीच सापडली नाही?”

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. लबाड की मठ्ठ, एवढंच आता निवडायचं उरलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “मला नाही सापडली.”

“असू द्या काका. अगदी खाली वाकावं लागतं. तुमच्या वयाला नाहीच जमणार.”

पट्टी घातली तेव्हा आपण चाळिशीत होतो, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने हिरवं बटण दाबायला हात पुढे केला.

“स्टूल जरा मागे घेता? चालू करतेय.”

त्यांनी स्टूल मागे घेतलं.