शेवटच्या कंटेनरचं वजन

सुन्निवाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. बर्गन शहरातल्या चढावर बांधलेल्या बालवाडीचा शेवटचा कंटेनर आज वजनकाट्यावर जायचा होता. हरित इमारतीची वरची श्रेणी हवी तर दर चौरस मीटरमागे पंचवीस किलोच्या आत राडारोडा, ही अट. त्यासाठी दीड वर्ष ती सुतारांच्या मागे हात धुऊन लागली होती. लाकूड इकडे, जिप्सम तिकडे, फळी कापायच्या आधी मला दाखवा. 'कचराराणी' म्हणायचे तिला, पण ऐकायचे बिचारे. एवढं करून आकडा काठावर येऊन ठेपला होता. तिचा साहेब ट्रूल्स काल फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाला होता, "हुकलं तर पुढच्या कामावर तू नसशील, सुन्निवा. आधीच सांगितलेलं बरं."

वळण घेऊन ती वर आली आणि जागीच थांबली. काल संध्याकाळी निम्मा असलेला कंटेनर काठोकाठ भरला होता. मोडक्या खुर्च्या, जुन्या स्की, कुत्र्याचं घर, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचे दरवाजे.

तिला कळायला वेळ लागला नाही. शेजारच्या सोसायटीत आज दुग्नाद होती. वर्षातून दोनदा सगळ्यांनी मिळून आवार झाडायचं, अडगळ काढायची आणि मग सॉसेज भाजून खायची. जो येत नाही त्याचं नाव पुढे सहा महिने चघळलं जातं. त्यांचा स्वतःचा कंटेनर मागच्या गल्लीत रिकामा उभा होता. पण दुग्नादीत कुणी कुणाला विचारत बसत नाही, पुढच्यानं एक टोक उचललं की आपण दुसरं धरायचं. पहिल्यानं रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये टाकलं, मग बाकीच्यांनीही तिथेच टाकलं.

आणि या फौजेचा म्होरक्या कोण, तर त्याच सोसायटीत राहणारा तिचा सख्खा बाप. आयलिफ शेगडीपाशी चिमटा घेऊन उभा होता.

"बाबा, तो आमचा कंटेनर आहे."

"माहितीय की. मीच म्हटलं सगळ्यांना, पोरीचाच आहे, टाका बिनधास्त."

"काय टाका? काट्यावर गेलं की सगळं बालवाडीच्या नावावर चढतं. कुणी टाकलं ते काटा विचारत नाही."

"थोडंसं तर आहे."

"माझी नोकरी घालवायला थोडंसं पुरतं. कंटेनर न्यायची गाडी निघालीय तिकडून. काढा सगळं."

मग तळमजल्यावरच्या बोरघिल्डनं हातातलं सॉसेज खाली ठेवलं आणि हातमोजे चढवले. "आमची घाण आम्हालाच परत," ती म्हणाली. "चला रे, खाल्लेलं जिरवा."

सुन्निवा स्वतः आत उतरली. ती वरून वस्तू देई, खालचे झेलत आणि मागच्या गल्लीत नेत. दर दोन वस्तूंनंतर तिची मान रस्त्याकडे वळायची. हातात कुसळं घुसली तरी तिनं पाहिलं नाही. तळाशी बालवाडीच्या फळ्या दिसू लागल्या तेव्हा कुठे तिला जरा श्वास घेता आला.

तेवढ्यात तिच्या हाताला ओकची जाड फळी लागली. फळीच्या वरच्या कडेला एक खाच होती. रात्री वाचायचा दिवा तिथे चिमटा लावून अडकवायची आई. दोन वर्षांपूर्वी ती वृद्धाश्रमात गेली, आणि आता तर लेकीलाही 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची.

"बाबा, हा आईचा पलंग."

"हो."

शेजाऱ्यांना अचानक आपापल्या खुर्च्या आठवल्या. सगळे गल्लीकडे पांगले.

"मला विचारलंसुद्धा नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस." आयलिफ कंटेनरच्या कडेला हात टेकून उभा होता. "ती परत येणार नाही, सुन्निवा. तो पलंग रिकामा, आणि मी रोज भिंतीकडे तोंड करून झोपतो. एकट्याच्यानं होत नव्हतं. आज सगळे होते म्हणून जमलं. बोरघिल्डनं दुसरं टोक धरलं, एका शब्दानं काही विचारलं नाही."

खालच्या वळणावर गाडी गुरगुरली.

"धर," सुन्निवा म्हणाली.

दोघांनी पलंग बाहेर काढला. आयलिफ सवयीनं गल्लीकडे वळला, तिथल्या कंटेनरकडे. ती जिन्याकडे वळली.

"तिकडे नाही. वर."

त्यानं आपलं टोक फिरवलं आणि तो तिच्यामागे चालू लागला. पहिल्या वळणावर त्याला धाप लागली, दुसऱ्यावर तो भिंतीला टेकला. ती मात्र "चल, चल" करत राहिली, जणू गाडी अजून यायचीच होती. वर खोलीत पलंगाच्या जागी त्यानं आधीच टेबल मांडलं होतं आणि त्यावर फुलझाडाच्या दोन कुंड्या. पलंग आत मावेना. तो पॅसेजमध्येच आडवा राहिला, दोन दारांच्या मध्ये.

तासाभरानं तिथेच फोन वाजला. "आकडा बसला," ट्रूल्स म्हणाला. "अगदी काठावर, पण आत बसला. पुढचं कामही तुझंच." सुन्निवानं "बरं" म्हणून फोन ठेवला. दीड वर्ष ज्या आकड्यासाठी झुरली, तो ऐकून तिला काहीच वाटलं नाही.

आयलिफ पलंगाच्या कडेवर बसला होता.

"मागचा कंटेनर सोमवारपर्यंत आहे," तो म्हणाला. "एकदा उचलला तेव्हाच जीव गेला होता माझा. तू दुसऱ्यांदा उचलायला लावलास. आता मला नाही जमायचं. तू नेशील?"

"नेईन."

"कधी?"

किलोकिलोचा हिशोब तोंडावर असणाऱ्या सुन्निवाला साधा वार सांगता येईना. आई परत येणार नाही हे बापाला केव्हाच कळून चुकलं होतं, ती मात्र अजून आईच्या परतीची वाट बंद करायला तयार नव्हती. ती त्याच्याशेजारी बसली. खालून सॉसेजच्या शेगडीभोवतीचं हसणं ऐकू येत होतं.

"सोमवारी," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.