नियमात न बसलेली बाई

शिंपीणबाईंना नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचंच, असा कॅन्सर हॉस्पिटलातल्या समाजसेविका ताईंनी चंग बांधला होता. त्यांनी चाळीस पानी फॉर्म सोप्या भाषेत समजावला, येण्याजाण्याला गाडी मिळवली, "आमच्यावर प्रयोग नकोत" म्हणून अडून बसलेल्या नवऱ्याची घरी जाऊन समजूत घातली. त्यात तीन आठवडे गेले.

सहीच्या दिवशी डॉक्टरांनी ताजा रिपोर्ट पाहिला. आजार यकृतात पसरला होता.

"आता नियमात बसत नाही. तीन आठवडे आधी आला असतात तर घेतलं असतं."

नवऱ्याने मान खाली घातली. बाईच म्हणाल्या, "ताई, तुम्ही आमच्यासाठी जिवाचं रान केलंत."

ताईंना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्यांनी बाईंचा हात धरला. तो किती हलका झालाय, हे त्यांना तेव्हा कळलं.