डावखुरा टाका

टेलरबाईंचा हिशेब सरळ होता. लेक बघते त्या ॲनिमे मालिकांचे भाग बारा असतात, हे त्यांनी येताजाता हेरलं होतं. रोज एक धरला तर बारा दिवस. आणि लेकीला चित्रं काढायच्या नोकरीवर बोलावणाऱ्या दूरच्या शहरातल्या स्टुडिओला होकार कळवायची मुदत सातच दिवसांची. "कसली चित्रं काढायला चाललीस ते आधी बघू दे. सगळं बघून झालं की सांगते," असं त्या लेकीला म्हणाल्या होत्या, आणि आईच्या होकाराशिवाय पाऊल न उचलण्याइतकी लेक साधी होती. नाही म्हणायचा वाईटपणा नको. मुदत आपली आपण उलटेल.

लेक हरखून गेली. दोन दिवस तिनं निवडण्यातच घालवले, ते बाईंना फुकटात मिळाले. नुसती मारामारी नको, आई उठून जाईल. नुसती जादू नको, आई जांभया देईल. साहस हवं, रहस्य हवं, आणि पहिल्या भागातली माणसं शेवटी तशीच्या तशी उरता कामा नयेत. अखेर एक सापडली. ढगांत बुडालेल्या शहराच्या पायऱ्या उतरत, मेलेल्या आईचा दिवा शोधणारी हट्टी, खोटारडी पोरगी. आणि मागून चालणारा मुका, मुखवटा घातलेला वाटाड्या. तो कोण, हेच कोडं.

पहिला भाग बाईंनी कोटाला अस्तर लावता लावता, अर्ध्या डोळ्यानं पाहिला.

दुसऱ्या दिवशीच्या भागात पोरीचा झगा खांद्यावर फाटला आणि सकाळी ती उठली तर तो शिवलेला. बाईंची सुई थांबली. त्यांनी चित्र मागे घ्यायला लावलं, मग तिथंच थांबवायला.

"हे तिनं नाही शिवलं. ती उजव्या हाताची. हे टाके उलटे कललेत, डावखुऱ्याचे. तुझा वाटाड्या डावा हात बाहीबाहेर का काढत नाही गं? कालच्या भागात, आठवणीत, तिची आई तिचे केस विंचरत होती ती डाव्या हातानं. मेलीबिली नाहीये ती. मागून चालतेय."

लेकीनं ही मालिका तीनदा पाहिली होती. मुखवटा दहाव्या भागात उतरतो हे तिला पाठ होतं. उत्तर दुसऱ्याच भागात एका खांद्यावर शिवून ठेवलंय हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

बाई उठून पडद्याजवळ गेल्या. "हे काढलं कुणी?"

"असेल माझ्यासारखं कुणीतरी."

"एवढासा टाका. कुणी बघेल, न बघेल."

तीस वर्षं बाई अस्तराआडचे, कुणाला न दिसणारे टाके जीव ओतून घालत आल्या होत्या, आणि असलं वेड आपल्या एकटीलाच आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी हातातला कोट खुर्चीवर टाकला. मग म्हणाल्या, "पुढचा लाव."

तिथं हिशेब फसला. त्या दिवशी आणखी तीन भाग झाले, दुसऱ्या दिवशी उरलेले सात. कोट खुर्चीवर तसाच पडून. मुखवटा उतरला तेव्हा बाईंना सगळं आधीच ठाऊक होतं, तरी त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. शेवटच्या भागात पोरगी पहिल्यांदा खरं बोलली, आणि दिवा घेऊन एकटी पुढं गेली. आई पायरीवरच थांबली.

"संपलं?"

"संपलं."

"मग कळवून टाक त्यांना. येते म्हणावं."

कोटाचं गिऱ्हाईक तीन दिवस खोळंबलं. लेकीचं काहीच गेलं नाही. जी किंमत होती ती सगळी बाईंनी भरली. मुदतीचे दोन दिवस अजून हातात होते, तेसुद्धा त्यांनी सोडून दिले.