डिकीतली काळी वायर

बंद पडलेली गाडी दारात सडत ठेवायची नाही, असं दिरांनी फोनवर ठणकावून सांगितलं. "वहिनी, दादा होता तेव्हाची गोष्ट वेगळी. जेवण उरकून येतो आणि टोचन लावून घेऊन जातो, विकून टाकू."

माझं डोकंच फिरलं. नवरा गेल्यावर मी हट्टाने गाडी शिकले, ती काय शोभेला? सासूबाईंची नजर दिवसेंदिवस अधू होतेय. डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांना वेळेवर नेते. गाडी गेली की पुन्हा दिरांच्या सवडीची वाट बघायची, आणि दिरांची सवड म्हणजे उंबराचं फूल. मेली होती ती फक्त बॅटरी. दीर यायच्या आत ती बदलायचीच, असं ठरवून मी नवी घेऊन आले.

या गाडीची बॅटरी डिकीत, फळीखाली. डिकीला किल्लीचं भोक नाही, सगळं बटणावर. शहाण्यांनीच बनवली असणार! बॉनेटखालच्या खुंट्यांना शेजाऱ्यांच्या गाडीवरून करंट दिला, तेव्हा कुठे डिकी उघडली. शेजारी कामावर निघून गेले. जुनी बॅटरी काढताना कंबरेचा काटा ढिला झाला, पण नवी बसवली आणि लाल वायर आवळली. काळी लावणार तोच पाना निसटून गाडीखाली गेला. पालथी पडून तो काढतेय, तर वर धप्प आवाज झाला.

सासूबाई. नजर अधू झाल्यापासून उघडी दारं त्यांच्या कपाळावर आपटतात, म्हणून जे उघडं सापडेल ते त्या लावत सुटतात. कपाट, खिडकी, फ्रिज. आज डिकी.

"आई! आता ही उघडायची कशी?"

"लावली तशीच."

"करंटवर उघडते ती! आणि बॅटरी आत आहे, वायर न लावता!"

त्यांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं, पण राग काही जाईना. मागची सीट पाडायचा खटकाही डिकीतच. सीटच्या मधोमध हात टेकायची गादी असते, ती खाली ओढली की डिकीत उघडणारा एक झरोका होता. त्यात माझा खांदा अडकला. रेटला, तर सोलून निघाला.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. अंगाने अगदी काडी.

"आत काही दिसत नाही, आई."

"मला बाहेर तरी कुठे दिसतंय? काय चाचपायचं ते सांग."

"बॅटरीवर दोन खुंट्या आहेत. एकीवर वायर घट्ट बसलीय, तिला हात लावू नका. दुसरी मोकळी आहे. बाजूच्या सुट्या वायरीचं कडं तिच्यावर दाबा."

त्या कमरेपर्यंत आत गेल्या.

"सापडलं. बसत नाहीये मेलं."

"जोर लावा!"

"लावतेय! तू ओरडू नकोस."

गाडीतले दिवे लागले. मी बटण दाबून डिकी उघडली, कडं पान्याने आवळलं आणि सासूबाईंना पाय धरून बाहेर ओढलं. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. मला रडू आलं, मी डोळे पुसलेही नाहीत.

दीर दोर घेऊनच आले. सासूबाई पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या होत्या. दिरांनी त्यांच्या बाजूचं दार सताड उघडलं.

"आई, उतर. आज चालली, उद्या पुन्हा बंद पडेल. वहिनींना कुठे झेपणार हे सगळं?"

सासूबाईंनी चाचपडत दाराची मूठ शोधली आणि दार दिरांच्या तोंडावर धप्पकन लावून घेतलं.

"घे गं गाडी," त्या मला म्हणाल्या.